केसाएवढी फट

आस्लेउग आली तेव्हा कपड्यांना डिझेलचा वास होता.
फेरीबोटीच्या इंजिनरूममधून थेट माझ्या दारात,
खिशात दोन हिवाळ्यांचा ओव्हरटाइम.
"नळी ठरली, दस्ता ठरला," म्हणाली,
"अ‍ॅक्शन तेवढी तू सांग, तार्याय."

मी सांगत नसतो.
या फ्योर्डच्या काठी चाळीस वर्षं रायफली बांधून
एवढंच कळलंय
की दुसऱ्याच्या पायानं जोडे निवडता येत नाहीत.
मी टेबलावर हिरवं बनातीचं कापड अंथरलं
आणि त्यावर दोन ठेवल्या.

पहिली तीन कानांची.
साठ अंशांत उघडते,
आतून-बाहेरून आरसा,
बोल्टच्या अंगाला केस लावून पाहा, आत जाणार नाही.
किंमत सांगताना माझाच घसा कोरडा पडतो.

दुसरी दोन कानांची,
दांडी पार नव्वद अंश उचलावी लागते,
आणि पूर्ण मागे ओढली की
हलत्या दातासारखी जरा डुलते.

तिनं डोळे मिटले.
वर, मागे, पुढे, खाली.
वर, मागे, पुढे, खाली.
वीस वेळा ही, वीस वेळा ती.
पहिलीला उचलताना तिच्या भुवईत एक आठी आली
(मनगट मोडलं होतं एकदा, नांगराच्या साखळीत),
पण पुढे सरकली की आवाज असा
जसं कुणी रेशमाचा तागा उलगडतंय.
"ही गाते," ती म्हणाली.

"मग नेम कुणाचा चांगला?"
खरं ते सांगितलं: नेम नळीचा.
अ‍ॅक्शन नुसती पाट मांडते,
दर काडतुसाला तोच पाट, तीच दिशा,
पाठ सरळ, मान सरळ.
दोघीही नीट मांडतात.

ती गप्प.
मग खिडकीबाहेर, वर, हार्डांगरच्या पठाराकडे हनुवटी करून:
"स्पर्धा फेब्रुवारीत आहे."

फ्रीझर अर्धा रिकामाच असतो
गुन्वोर बर्गनला बहिणीकडे राहायला गेल्यापासून.
चार ट्राउट, एक डबा लिंगनबेरी.
मधे दोन्ही अ‍ॅक्शन ठेवल्या,
सारखंच तेल लावून,
वर अंगणातलं चिमूटभर भुरभुरीत बर्फ.

सकाळी ती सातलाच हजर, हातमोजे घालून.
पहिलीची दांडी उचलेना.
तळव्यानं ठोकली, तेव्हा उठली,
आणि अर्ध्या वाटेत रुसून बसली.
दुसरी कुरकुरली,
करकर करत बर्फ चावला,
आणि आली मागे.

"ही," आस्लेउग म्हणाली.

मला राहवलं नाही. धंदा आहे,
आणि पहिलीवर जीवही जडला होता माझा.
म्हटलं, तेल पुसून कोरडी ठेवलीस
तर तीही चालेल, शपथेवर सांगतो.

"आणि मी पुसायला विसरले तर?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.
चाळीस वर्षं मी शतांश मिलिमीटर मोजत आलो,
विसरणाऱ्या माणसासाठी किती सोडायचे
हे कुठल्याच गेजवर नाही.

पैसे मोजून ती गेली. एक हातमोजा विसरली.

रात्री पहिली पुसली, डब्यात घालण्याआधी
एकदा ओढून पाहिली.
शेगडीच्या उबेला पुन्हा तशीच गात होती.

गुन्वोर जाताना भांडली नव्हती.
एवढंच म्हणाली होती, कोट घालता घालता:
तुझ्या घरात प्रत्येक वस्तूला नेमकी जागा आहे रे,
मला तेवढी हलायला नाही.

डबा बंद केला.
हातमोजा खिळ्याला लावला,
मग काढून टेबलावर ठेवला,
कसाही,
जिथे पडला तिथे.